गाडीत तू नसशील तेव्हा त्या दोघांचं काय?

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, फार मोठं होतं):

"ताई, मी ४१ वर्षांची, एकटी राहते, काम सगळं लॅपटॉपवर. घरात ढब्बू आहे, कुत्रा, ९ वर्षांचा, २८ किलो, आणि टिकली, मांजर, ३ वर्षांची. दोन वर्षं डोक्यात एकच आहे की सेकंडहँड मोटरहोम (आत घरासारखी सोय असलेली गाडी) घ्यायची आणि या दोघांना घेऊन निदान सहा महिने फिरायचं. मोठी गाडी कधी चालवलेली नाही. कॅम्पिंगचा अनुभव शून्य. बहीण म्हणते वेड लागलंय. मला बाकी कशाची भीती वाटत नाही गं, पण मी दुकानात गेले, डॉक्टरकडे गेले, तर यांना गाडीत ठेवायचं कसं? आणि सुरुवात नेमकी कुठून करू? गाडी आधी घेऊ की आधी यांना सवय लावू? जाता जाता एक, ढब्बूची झोपायची चादर फार जुनी आहे, वास येतो, नवीन गाडीत नवीन घेऊ ना?"

अगं, वेड वगैरे काही लागलेलं नाही तुला. उलट तू बरोब्बर तोच प्रश्न विचारलास जो बहुतेक लोक गाडी घेऊन झाल्यावर, पहिल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये उभं राहून स्वतःला विचारतात. सोलर किती वॅटचं लावू, पडदे कुठले घेऊ हे सगळे आधी विचारतात, आणि "मी गाडीत नसेन तेव्हा काय" हे शेवटी. तुझं उलटं आहे, चांगलं आहे.

एक गंमत सांगते आधी. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाच्या एका डॉक्टरनं सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटार नेली, अख्खी अमेरिका मोटारीनं आरपार करणारा तो पहिला, ६३ दिवस लागले, आणि वाटेत त्यानं बड नावाचा एक कुत्रा सोबत घेतला. मोटारीला ना छप्पर ना काच, धुळीनं कुत्र्याचे डोळे खराब व्हायला लागले म्हणून त्याला चक्क गॉगल घातला, फोटो आहेत त्याचे, बघ कधीतरी. म्हणजे हे वेड सव्वाशे वर्षं जुनं आहे असं बहिणीला सांग. फक्त एक फरक. जॅक्सनबरोबर क्रॉकर नावाचा मेकॅनिक होता, एक जण सामान आणायला गेला तर दुसरा कुत्र्यापाशी थांबू शकायचा. तुझ्याकडे तो दुसरा माणूस नाही, आणि माझं सगळं म्हणणं या एकाच गोष्टीभोवती फिरणार आहे.

आता उन्हाचं. हे कंटाळवाणं वाटलं तरी नीट वाच. बाहेर २१ डिग्री असेल, म्हणजे आपल्याला छान गार वाटेल अशी हवा, तर बंद कारमध्ये १० मिनिटांत साधारण ३२ होतं आणि अर्ध्या तासात ४० च्या आसपास जातं. काच बोटभर उघडी ठेवली तरी फार काही फरक पडत नाही हे मोजून झालेलं आहे. मोटरहोम कारपेक्षा मोठी, भिंतींना इन्सुलेशन असतं, त्यामुळे थोडी हळू तापते एवढंच, पण समोर ती भलीमोठी काच असते ना, ती उन्हाकडे तोंड करून उभी केलीस तर गाडीची भट्टी व्हायला वेळ लागत नाही. आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो, हवाच गरम असली की धापांचा उपयोग संपला. त्याचं नॉर्मल टेंपरेचर साडेअडतीस-एकोणचाळीस असतं, ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. ढब्बू ९ वर्षांचा आहे, म्हणजे म्हाताराच म्हणायचा, त्यात वजन जास्त असेल तर अजून लवकर.

तू म्हणशील एसी चालू ठेवून जाईन की. सगळे हेच म्हणतात. हिशोब कर ना जरा, छतावरचा एसी साधारण १५०० वॅट खातो, १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो चालवायचा म्हणजे १२५ अँपिअर, म्हणजे १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तासभरसुद्धा पुरत नाही, आणि साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर ती निम्म्याच्या खाली उतरवायची नसते म्हणजे त्याच्याही अर्ध्यावर. त्यामुळे एसी म्हणजे एकतर जनरेटर नाहीतर कॅम्पसाइटच्या, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला लावतात त्या जागेच्या, खांबावरून वायर ओढून घेतलेली वीज. आणि ती वीज जाते. दुपारी सगळ्यांचे एसी एकदम लागले की ब्रेकर पडतो, तू तिकडे रांगेत उभी असतेस, तुला पत्ताही नसतो.

मला हे कसं कळलं ते सांगते. पहिल्याच उन्हाळ्यात मी कपडे धुवायला गेले होते, कॅम्पसाइटच्याच लाँड्रीत, गाडीपासून चालत चार मिनिटं. एसी चालू, पाणी भरलेलं, पडदे ओढलेले, सगळं कसं पद्धतशीर. मशीन मध्येच बंद पडलं. मी दोन मिनिटं बटणं दाबत बसले, मशीनच बिघडलं असं समजून, मग वर बघितलं तर दिवाही बंद. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की इथली वीज गेलीय म्हणजे तिथलीही गेलीय. ओले कपडे तसेच टाकून पळत आले. आत काही झालं नव्हतं, दहा मिनिटंच झाली असतील, पण दार उघडल्यावर जो गरम झोत तोंडावर आला तो अजून आठवतो, आणि माझी कुत्री दाराच्या फटीला नाक लावून बसलेली. मशीन बंद पडलं म्हणून मला कळलं. पुस्तक वाचत बाकावर बसले असते तर?

तेव्हापासून माझा नियम एकच, तोच तुला देते: एसी बंद पडला तरी हे दोघं आत ठीक राहतील अशा हवेतच त्यांना एकटं सोडायचं. एसी हा आरामासाठी, जीव वाचवायला त्याच्यावर विसंबायचं नाही. गाडीत बसवायचं टेंपरेचर मॉनिटर मिळतं, स्वतःचं सिमकार्ड असलेलं, गरम झालं किंवा वीज गेली की फोनवर मेसेज येतो, ते जरूर घे, माझ्याकडे आहे. पण गाडी जिथे उभी आहे तिथे आणि तू जिथे जातेयस तिथे, दोन्हीकडे नेटवर्क असेल तरच त्याला अर्थ आहे, आणि मेसेज आल्यावर तू दहा मिनिटांत पोचणार नसशील तर तो मेसेज फक्त रडायला उपयोगी.

मग बाहेरची कामं करायची कशी? बघ, मोटरहोमचा सगळ्यात मोठा फायदा लोक विसरतात, टॉयलेट, जेवण, झोप सगळं आतच आहे, कारनं फिरणाऱ्या माणसाला जितक्या वेळा उतरावं लागतं त्याच्या पाव वेळाही तुला लागत नाही. उरलं ते सामान, कपडे आणि तुझी स्वतःची दवाखान्याची कामं. सामान सकाळी दुकान उघडायच्या वेळेला आण, नाहीतर ऑनलाइन ऑर्डर देऊन गाडीपाशी आणून देतात तशी सोय बघ. कपडे गार हवेच्या दिवशी. आणि दाताच्या डॉक्टरकडे दोन तास जाणार असशील तर सरळ कुत्र्यांच्या डे-केअरमध्ये सोड, त्यात कमीपणा काही नाही. बहुतेक ठिकाणी लसीकरणाचं कार्ड मागतात, रेबीजचं तर मागतातच, ते फोनमध्ये फोटो काढून आणि कागदावर दोन्ही ठेव. टिकली मागे गाडीत राहील, मांजर एकटं राहण्यात कुत्र्यापेक्षा बरं असतं, पण उन्हाचा नियम तिलाही तोच.

आणि कधी चुकून झालंच असं की ढब्बू जोरजोरात धापतोय, लाळ गळतेय, लटपटतोय, तर आधी गार कर मग पळव. सावलीत घे, साधं गार पाणी अंगभर ओतत राहा, पंखा लाव, आणि मग डॉक्टरकडे. नुसतं उचलून गाडीत घालून अर्धा तास नेण्यात वेळ जातो. यासाठी मी काय करते, पुढच्या मुक्कामाला निघायच्या आधीच तिथला २४ तास उघडा असलेला प्राण्यांचा दवाखाना शोधून नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवते. फोनमध्ये नाही, कागदावर. आणीबाणीत फोनची बॅटरी किती असते ते तुलाही माहितीये.

आता तुझा दुसरा प्रश्न, सुरुवात. गाडी घेऊ नकोस. म्हणजे आत्ता नको. आधी भाड्यानं घे, चार दिवस, आणि भाड्याची गाडी देणाऱ्यांना आधीच विचार की जनावरं चालतात का, बरेच जण नाही म्हणतात नाहीतर सफाईचे वेगळे लावतात. त्या चार दिवसांत लांब जाऊच नकोस. घरापासून तासाभरावर थांब. पहिल्या रात्री काहीतरी विसरलेलं असणारच, लिटर बॉक्सचं (मांजराच्या शी-शूच्या मातीचा ट्रे) खोरं किंवा पाण्याचा पाइप जोडायचा तो तुकडा, आणि तासभराच्या अंतरावर ते हसण्यावारी जातं.

गाडी बघायला जाशील तेव्हा ढब्बूच्या लांबी-रुंदीची एक चादर घडी करून सोबत ने आणि गाडीत जमिनीवर अंथर. आता त्या चादरीवर पाय न देता बेडपासून टॉयलेटपर्यंत जाऊन दाखव. हसू नकोस, मी हे न करता गाडी घेतली आणि पहिले सहा महिने रात्री अंधारात कुत्रीच्या शेपटीवर पाय देत होते. पायऱ्याही बघ, मोटरहोमच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, ९ वर्षांच्या कुत्र्याच्या मागच्या पायांना रोज दहा वेळा ती उडी परवडत नाही, घडीचा रॅम्प ठेवायला जागा हवी. लिटर बॉक्स कुठे बसेल ते बघ. बरेच जण शॉवरच्या खणात ठेवतात, अंघोळीच्या वेळी उचलायचा, ही जागा वाटते त्यापेक्षा सोयीची आहे कारण सांडलेली माती तिथेच झाडून होते.

आणि एक, मांजर असेल तर पहिली गाडी स्लाइड-आउटवाली घेऊ नकोस. ती जी भिंत बटणावर बाहेर सरकते ना, तिच्या आजूबाजूच्या फटी मांजराला लपायला फार आवडतात, आणि ती आत घेताना मांजर तिथे असेल तर पुढचं लिहवत नाही. घेतलीसच तर दोघं डोळ्यांना दिसल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही. फक्त "असेल इथेच कुठेतरी" यावर नाही. इंजिन सुरू करतानाही तेच, मी आजही मोठ्यांदा मोजते, एक, दोन, मग चावी.

पुढच्या टप्प्यांबद्दल, टाक्या, वायरी, पाणी, हे सगळं लोक शिकवतात आणि दोन आठवड्यांत जमतं, त्याला घाबरू नकोस. दोनच गोष्टी सांगते. टॉयलेटच्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा, टाकी निम्म्याच्या वर बरीच भरली की मग एकदम सोडायची, उघडा ठेवलास तर पाणी निघून जातं आणि बाकीचं आत साठून सुकतं (होय, लोक करतात, होय, ते साफ करावं लागतं). आणि आधी टॉयलेटची टाकी सोडायची मग सिंकच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. दुसरं वजन, पाणी एका लिटरला एक किलो, टाकी १०० लिटरची भरली की १०० किलो झाले, त्यात २८ किलोचा ढब्बू, त्याचं खाणं, टिकलीच्या मातीची पोती. गाडीच्या कागदांवर कमाल वजन लिहिलेलं असतं, सगळं भरून एकदा वजनकाट्यावर नेऊन बघ. लायसन्सलाही वजनाची मर्यादा असते, युरोपात आणि ब्रिटनमध्ये साध्या कारच्या लायसन्सवर साधारणपणे ३५०० किलोपर्यंतच चालवता येते, तुझ्याकडे काय आहे ते गाडी पसंत करायच्या आधी बघ, नंतर नाही.

चालवण्याचं म्हणशील तर एखाद्या रिकाम्या मैदानात एक अख्खी सकाळ घालव. वळताना गाडीचं मागचं ढुंगण उलट्या बाजूला फिरतं हे आरशात बघून अंगवळणी पडलं पाहिजे. रिव्हर्स घेताना "ये ये ये, बस" म्हणणारं मागे कुणी नाहीये तुझ्या, म्हणून उतरायचं, मागे जाऊन बघायचं, परत चढायचं, दोन फूट घ्यायचं, परत उतरायचं. मागून लोक हॉर्न वाजवतील, वाजवू दे. गाडीची उंची, वरच्या एसीसकट मोजलेली, स्टिअरिंगजवळ लिहून ठेव.

गाडी चालत असताना दोघं बांधलेली. यावर माझ्याशी वाद घालू नकोस. घर आहे म्हणून मोकळं सोडायचा मोह फार होतो. ताशी ५० च्या स्पीडनं जाताना गाडी एकदम ठोकली तर आत मोकळं असलेलं जनावर ज्या वेगानं पुढे आदळतं तो वेग १० मीटर उंचीवरून खाली पडल्यावर येतो तेवढा असतो, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. ढब्बूसाठी क्रॅश-टेस्ट केलेला हार्नेस, सीटबेल्टला किंवा जमिनीच्या कडीला अडकवलेला, छातीचा पट्टा, गळ्याचा नाही. पुढच्या सीटवर नको, समोर एअरबॅग असते. टिकलीसाठी कडक पिंजरा, तोही पट्ट्यानं बांधलेला. मोकळं मांजर घाबरलं की ड्रायव्हरच्या पायाशी, ब्रेकच्या खाली जाऊन बसतं, तिथे सगळ्यात अंधारं असतं ना.

सवय लावायला गाडी लागतेच असं नाही, पिंजरा आजच काढ. टिकलीचं खाणं पिंजऱ्यात द्यायला लाग, दार उघडं ठेवून. आठवडाभर. मग दार लावून दोन मिनिटं. मग उभ्या गाडीत, मग इंजिन चालू पण गाडी उभी, मग गल्लीला एक फेरी. प्रत्येक पायरीवर ती खायला तयार असेल तरच पुढे जा, मांजर खात नसेल तर ती अजून घाबरलेली आहे समज. निघायच्या आधी तीन-चार तास दोघांना खायला देऊ नकोस, गाडी लागणाऱ्यांना तर अजिबात नाही, मुक्कामाला पोचलं की द्यायचं. गाडी लागण्याच्या गोळ्या डॉक्टरांकडून घे, आपल्या गोळ्या त्यांना द्यायच्या नाहीत, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. आणि हे फारसं कुणाला माहीत नसतं पण तुझ्यासारख्यांनी पाठच करावं: कुत्र्याच्या मानेवर टाकायची गोचिडांची जी औषधं असतात त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. छोट्या गाडीत दोघं एकाच गादीवर झोपणार, ती त्याला चाटणार. डॉक्टरांना आधीच सांग की दोघं एकत्र राहतात.

त्याच फेरीत दोघांना मायक्रोचिप करून घे, तांदळाच्या दाण्याएवढी असते, आधीच असेल तर स्कॅन करून नंबर लागतोय का बघ आणि नोंदणीत आत्ताचा फोन नंबर आहे का तेही. लोकांना वाटतं त्यावरून प्राणी कुठे आहे ते कळतं, तसं नाही, कुणी पकडून स्कॅनरखाली धरलं तरच नंबर दिसतो. म्हणून गळपट्ट्यावर फोन नंबर हवाच. देशाची सीमा ओलांडणार असशील तर रेबीजच्या लसीची तारीख फार आधी बघ. उदाहरणार्थ युरोपियन युनियनमध्ये पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं, आणि काही देशांतून येताना रक्ताची टेस्टही लागते जिला महिने जातात, सीमेवर उभं राहून यातलं काही होत नाही.

टिकलीला बाहेर न्यायचं तर हार्नेस घालून, आणि तो घरात आधी महिनाभर घालून, कारण मांजरं मागे सरकून त्यातून निसटतात. दाराच्या आत अजून एक अडसर कर, लहान मुलांना लावतात तसलं फाटक किंवा नुसती जड जाळी. माझं मांजर पळालं तेव्हा मी दोन्ही हातांत सामान घेऊन कोपरानं दार उघडलं होतं. सापडलं रात्री अडीचला, गाडीच्याच खाली, इंजिनच्या वर चढून बसलेलं. सगळीकडे शोधत फिरत होते मी, आणि ते हातभर अंतरावरून बघत होतं.

एकटीनं जाताना अजून काय. चावी. ही गोष्ट फार लोक सांगत नाहीत. डिझेल भरायला मी खाली उतरले, चावी आत, फोन आत, आणि कुत्री खिडकीतून मला बघायला दारावर पाय ठेवून उभी राहिली आणि तिचा पंजा सेंट्रल लॉकच्या बटणावर पडला. खट्. ती शेपटी हलवतेय, मी काचेवर हात आपटतेय, पंपावरची माणसं बघतायत. ती परत बटण दाबेल म्हणून मी तिला वीस मिनिटं बाहेरून नाचवलं अक्षरशः, शेवटी मागची छोटी खिडकी नीट बंद नव्हती म्हणून निभावलं. उतरताना चावी अंगावर, फोन अंगावर, पाच सेकंदांसाठी उतरलीस तरी. आणि एक जादा चावी गाडीच्या बाहेर कुठेतरी, चुंबकाच्या डबीत.

पाकिटात एक कार्ड ठेव: माझ्या गाडीत कुत्रा आणि मांजर आहे, गाडीचा नंबर हा, या माणसाला फोन करा. तू रस्त्यात चक्कर येऊन पडलीस, तुला अँब्युलन्सनं नेलं, तर त्या दोघांबद्दल सांगणारं दुसरं कुणी नाही. बहिणीला वेडाबिडाचं बोलू दे, पण तिच्याशी फोनचं लोकेशन शेअर कर आणि तुला काही झालं तर यांना कोण सांभाळणार हे तिला स्पष्ट विचारून ठेव. आणि गाडी गॅरेजला गेली की तुझं घर गॅरेजला जातं हे लक्षात ठेव, त्या दोन-चार रात्री जनावरांसकट कुठे राहशील याचे पैसे बाजूला काढलेले हवेत. टो करणारा जनावरं केबिनमध्ये घेईलच असं नाही, विमा घेतानाच विचार.

गॅसचे दोन अलार्म लाव. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर जमिनीलगत साठते, म्हणजे आधी ढब्बूच्या नाकापाशी, तर तो अलार्म खाली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जनरेटरच्या धुरातून, बिघडलेल्या हीटरमधून येतो, त्याचा अलार्म तू झोपतेस त्या उंचीला. दोन्हींची बटणं महिन्यातून एकदा दाबून बघ.

अंतराचं, मोटरहोमवाल्यांत ३-३-३ असं म्हणतात: दिवसाला ३०० मैलांच्या वर नाही, दुपारी ३ च्या आत मुक्कामाला, आणि एका जागी ३ दिवस. ३०० मैल म्हणजे ४८० किमी, एकट्या नवख्या माणसाला माझ्या मते फारच, तू २०० किमीच्या आत राहा. पण ३ वाजताची गोष्ट मात्र सोन्यासारखी आहे, उजेडात पोचलं की जागा कशी आहे कळतं, आवडली नाही तर पुढे जायला वेळ असतो. गाडी तोंड बाहेर करून लाव, ड्रायव्हरच्या सीटवर सामान ठेवू नकोस, एखाद्या जागी मन खाल्लं तर चावी फिरवायची आणि निघायचं, कुणाला कारण द्यायला लागत नाही. एकटी आहेस हे कुणाला सांगायची गरज नाही. आणि ढब्बू राखण करेल या भरवशावर राहू नकोस, माझी कुत्री चोराला बॉल आणून देईल.

ढब्बूचं तू नसताना भुंकणं. त्याला एकटं राहायची पाच मिनिटांपासून सवय लाव, जुना फोन आत रेकॉर्डिंगला ठेवून बाहेर चक्कर मार आणि परत आल्यावर ऐक. शेजारचे तक्रार करेपर्यंत थांबलीस तर उशीर झालेला असतो. त्याला बाहेर खांबाला बांधून तू निघून जायचं हे मात्र कधीच नाही.

आणि टिकलीचं थोडं स्पष्टच बोलते. ढब्बूला तू जिथे तिथे त्याचं घर, त्याचा प्रश्न नाही. मांजराचा जीव जागेत असतो, काही मांजरं महिन्याभरात डॅशबोर्डवर ऊन खात पडायला लागतात आणि काहींना ते कधीच जमत नाही, खाणं सोडतात, लपून बसतात, भलत्याच जागी शू करतात. मांजर पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस, डॉक्टरला फोन. चार दिवसांच्या भाड्याच्या ट्रिपनंतर अजून दोन लहान ट्रिपा कर आणि तरीही ती तशीच असेल तर ती कुणाकडे सुखात राहील हे आत्ताच, डोकं थंड असताना ठरवून ठेव. तिला मागे ठेवून गेलीस तर तू वाईट होत नाहीस. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण रस्त्यावर असताना ठरवायला लागलं तर त्याहून जास्त होतो.

बाकी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. नवीन चादर नको. ती जुनी, वास येणारी आहे ना, तीच ने, आणि निघायच्या आधी धुऊही नकोस. तिच्यातला एक तुकडा कापून टिकलीच्या पिंजऱ्यातही टाक.